नंदीहोळेच्या वहीतले ठिपके

हयवदनरावांच्या अक्षराची ख्याती जे. पी. नगरातल्या त्यांच्या गल्लीपासून कचेरीपर्यंत पसरलेली होती. कुणाची मुंज असो की सत्यनारायण, आमंत्रणाची यादी त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची असा रिवाजच पडून गेला होता. त्यांच्या घराण्यातली मंडळी साडेतीनशे वर्षांपूर्वी कुण्या सरदाराच्या पदरी चिटणिशी करायला बंगळूरला आली आणि इथलीच होऊन गेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि भाऊबंद जमले की दोन्हींची खिचडी. सरदार गेले, चिटणिशी गेली, पण अक्षर तेवढं पिढ्यान्‌पिढ्या उतरत यांच्या बोटांत आलं, असं त्यांची बायको वसुमती कौतुकाने सांगे. आणि घराण्यातलं दुसरं काहीही यांच्यापर्यंत पोचलं नाही, हे लगेच जोडून द्यायलाही ती विसरत नसे.

हयवदनराव पाटबंधाऱ्यांच्या एका कचेरीत नकलकार होते. काम सांगायला सोपं होतं. लांबलांबच्या नद्यांमध्ये आकड्यांच्या खुणा केलेले खांब रोवलेले असतात. तिथला माणूस रोज सकाळी आठ वाजता जाऊन पाणी खांबावर कुठवर आलंय ते बघतो, वहीत लिहितो, आणि महिन्याच्या शेवटी त्याची प्रत बंगळूरला पाठवतो. ते चुरगळलेले, तेलकट, कधी पावसात भिजून वाळलेले कागद हयवदनराव उघडत आणि त्यातले आकडे एका भल्या मोठ्या रजिस्टरात उतरवून घेत. उतरवून झालं की कागद लगेच रद्दीत जात. रजिस्टर तेवढं राही.

नोकरी लागली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पहिल्याच महिन्यात त्यांच्या पेनातून शाईचा एक थेंब रजिस्टरावर पडला. तेव्हाचे हेडक्लार्क अप्पासाहेब मोठे करडे. त्यांनी त्या पोराला उभं ठेवून अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षांत हयवदनरावांच्या रजिस्टरात एकही डाग पडला नव्हता. वरचे साहेब बदलून आले की आधी त्यांना ते रजिस्टर दाखवलं जाई, आणि साहेब पान उलटून 'वा' म्हणत. हयवदनराव खाली बघत हसत. बाकी माणूस साधा, कुणी बसमध्ये सरकून जागा दिली तरी दोनदा आभार मानणारा. पण त्या रजिस्टराच्या बाबतीत मात्र नाकावर माशी बसू देत नसत.

तर ही गोष्ट आहे १९९६ सालची. नंदीहोळे नावाच्या एका लहानशा नदीवर बंधारा बांधून कालवा काढायचा, असा प्रकल्प बरीच वर्षं कागदावर होता आणि आता कुठे मंजुरीच्या तोंडाशी आला होता. अशा प्रकल्पात सगळं एका प्रश्नावर अडतं. नदी देणार किती? एखाद्या वर्षी तुफान पाऊस झाला म्हणून भागत नाही. चार वर्षांतली तीन वर्षं हमखास किती पाणी मिळेल, तेवढाच कालवा खणायचा. आणि हे सांगणार कोण, तर जुन्या नोंदी. नंदीहोळेवर मापाचे खांब दोनच ठिकाणी होते. एक वर डोंगराकडे, आणि दुसरा खाली मादनकोप गावाशी, मोठा ओढा येऊन मिळतो त्याच्या पुढे. मादनकोपच्या नोंदी धरल्या तर पाणी भरपूर दिसे आणि कालव्याच्या शेपटाकडच्या अकरा गावांनाही ते पोचत असे. त्या नोंदी सोडून नुसत्या वरच्या धरल्या, तर अकरा गावं कोरडीच राहणार होती.

नोंदी तपासायचं काम एका खासगी कंपनीला दिलं होतं, आणि त्या कंपनीने सुचेता नावाच्या मुलीला पाठवलं होतं. पुण्याची, पंचविशीची, बंगळूरला येऊन दोन वर्षं झालेली. कानडीतले दोनच शब्द तिला येत, 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, आणि त्या दोन्हींच्या जोरावर ती रिक्षावाल्यांशी भांडणंही जिंकून येई. कचेरीत मराठी बोलणारे काका सापडल्याचा तिला कोण आनंद झाला. हयवदनरावांचं रजिस्टर बघून तीही 'वा' म्हणाली आणि महिनाभर बसून तिने ते सगळं कॉम्प्युटरात भरलं.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी ती लांबलचक छापील कागद घेऊन हयवदनरावांच्या टेबलाशी आली. तिचा चेहरा काही ठीक नव्हता. तिने सांगितलं ते असं. मादनकोपच्या नोंदीत दर महिन्यात एक दिवस असा येतो, की आदल्या दिवशीचाच आकडा पुन्हा लिहिलेला आहे. उन्हाळ्यात ठीक आहे, तेव्हा पाणी हलत नाही. पण भर आषाढात, नदी रोज हात हात चढत-उतरत असताना, सेंटिमीटरपर्यंत तोच आकडा? आणि एकदा नाही, दर पावसाळ्यात, प्रत्येक महिन्यात. "काका, हे घरी बसून लिहिलेलं वाटतंय. माझ्या रिपोर्टात मला हा डेटा विश्वासार्ह नाही असंच म्हणावं लागेल," ती म्हणाली.

हयवदनरावांना तो आपल्या रजिस्टराचाच अपमान वाटला. कार्यकारी अभियंता रुद्रय्या साहेबांनी मात्र ते तत्काळ मान्य केलं. ऑक्टोबरअखेरीला समितीपुढे जायचं आहे, संशय असलेले आकडे नकोत, मादनकोप काढून टाका, असं त्यांनी सांगितलं. अकरा गावं एका वाक्यात गेली.

हयवदनराव तो छापील कागद घरी घेऊन आले. जेवताना पानाशेजारी तो पसरलेला बघून वसुमती म्हणाली, "अहो, स्वल्प जेवणाकडे बघा. कागद काय पळून जातोय?" पण त्यांचं बोट एका तारखेवर थांबलं होतं. २९ जुलै १९९२. ती तारीख ते कशी विसरणार? त्या दिवशी त्यांचा नातू प्रणीत जन्माला आला होता. नेमका आषाढातल्या भीमन अमावास्येला, इकडच्या बायका नवऱ्यासाठी पूजा करतात त्या दिवशी. वसुमती पूजा अर्धी टाकून इस्पितळात धावली होती, आणि पोर अमावास्येला झालं म्हणून पुढे शांत करावी लागली होती.

ते हात धुऊन उठले आणि माळ्यावरची जुनी पंचांगं काढून बसले. १९ जुलै ९३, अमावास्या. २७ जुलै ९५, अमावास्या. एकेक तारीख ताडून बघत त्यांनी सगळा कागद संपवला. एकही तारीख चुकली नाही. मादनकोपचा माणूस महिन्यातून एकच दिवस नदीवर जात नव्हता, तो अमावास्येचा. बाकी सगळे दिवस जात होता. म्हणजे बाकीचे सगळे आकडे खरे होते.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले ते अगदी छाती पुढे काढून. पुण्याच्या मुलीच्या मशिनीला जे कळलं नाही ते आपल्या पंचांगाला कळलं, याचाही थोडा आनंद होता. पण रुद्रय्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि वेगळाच अर्थ काढला. म्हणजे खोटं लिहिलं हे आता सिद्धच झालं. जो महिन्यातून एकदा खोटं लिहितो, तो इतर दिवशी खरंच लिहितो कशावरून? त्यांनी तिथल्या तिथे नोटीस लिहायला सांगितली. खांब वाचणाऱ्या माणसाने मूळ वह्या घेऊन बंगळूरला हजर व्हावं, आणि कामावरून का काढू नये याचं कारण द्यावं. नोटिशीवर नाव घालायला हयवदनरावांनी फाइल काढली, तेव्हा त्यांना ते नाव पहिल्यांदा नीट दिसलं. तो माणूस म्हणजे एक बाई होती. यल्लव्वा मालोजी, रोजंदारीवर, १९७९ पासून.

सुचेता बाजूलाच उभी होती. "काका, आता त्या बाईंचं काय होणार?" तिने विचारलं. हयवदनराव गावांचं भलं करायला गेले होते आणि एका बाईच्या पोटावर पाय देऊन आले होते. नोटीस त्यांनी लिहिली, नेहमीसारख्याच वळणदार अक्षरात.

यल्लव्वा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आली. पन्नाशीकडे झुकलेली, काळीसावळी, उंच बाई. सुनेला खांब वाचायला बसवून आली होती. जुन्या लुगड्यात बांधलेला वह्यांचा गठ्ठा तिने रात्रभर बसमध्ये मांडीवर ठेवला होता. मादनकोपकडच्या मराठा घरांतली ती, त्यामुळे बोलणं तिकडचं, कानडीच्या अंगाने जाणारं मराठी, बायकाही स्वतःला 'आलो-गेलो' म्हणतात तसलं. हयवदनरावांनी मराठीत 'बसा' म्हटलं, तेव्हा तिच्या जिवात जरा जीव आला. खुर्चीवर मात्र ती बसली नाही.

साहेबांनी कानडीत विचारलं, अमावास्येला नदीवर जातेस का? ती म्हणाली, नाही. आमच्या गावात अमावास्येला कुणीच नदीत पाय घालत नाही, बैलांनाही त्या दिवशी जुंपत नाही, तो दिवस नदीचा. मग आकडा कुठून आणतेस? तेव्हा तिने अगदी सरळ सांगितलं. खांब रोवायला जे साहेब आले होते, त्यांनीच तिच्या नवऱ्याला, मालोजीला, ही युक्ती सांगितली होती. जायचं नसेल तर जाऊ नको, कालचाच आकडा लिही, पण शेजारी काळा ठिपका काढ. कॅलेंडरात अमावास्येला असतो तसला. म्हणजे बंगळूरच्या लोकांना कळेल की हा वाचलेला नाही. नवरा तसं करायचा, त्याच्यामागे मीही तसंच करते. पाठवायच्या कागदावर ठिपका काढते आणि माझ्या वहीतही काढते.

तिने वही उघडली. आकड्यांच्या रांगेत एका जागी, चण्याच्या डाळीएवढा, गोल, काळा ठिपका होता.

तो ठिपका हयवदनरावांच्या ओळखीचा होता. मादनकोपच्या प्रत्येक कागदावर तो असे. आधी शाईचा, मग बॉलपेनाचा. दर महिन्याला त्यांना तो दिसायचा, आणि दर महिन्याला ते मनात म्हणायचे, काय ही घाण, या खेडेगावच्या लोकांना पेनसुद्धा धड धरता येत नाही. आणि तो डाग आपल्या रजिस्टरात येऊ नये म्हणून जपून, बाजूचा आकडा तेवढा सुंदर अक्षरात उतरवून घ्यायचे. अठ्ठावीस वर्षं. स्वतः दर अमावास्येला वडिलांचं तर्पण करून, साहेबांना सांगून तासभर उशिरा कचेरीत येणारा माणूस, आणि अमावास्येची खूण त्याला डाग वाटत होती.

रुद्रय्या साहेबांनी वही हातात घेतली, उलटली, आणि शांतपणे विचारलं, हे ठिपके नोटीस मिळाल्यावर काढलेले नसतील कशावरून? यल्लव्वाने हयवदनरावांकडे बघितलं. तिचे कागद तेच उतरवून घेतात हे तिला माहीत नव्हतं. नुसतं, मराठी बोलणारा एवढा एकच माणूस खोलीत होता म्हणून तिने बघितलं.

बंगळूरला आलेले कागद केव्हाच रद्दीत गेलेले होते. ते ठिपके बंगळूरला पोचत होते हे सांगू शकणारा साऱ्या जगात एकच साक्षीदार होता, आणि तो मूग गिळून बसला असता तर त्याचं रजिस्टर अठ्ठावीस वर्षांसारखंच निष्कलंक राहिलं असतं. हयवदनरावांनी पुढे एकदा कबूल केलं की तो विचार त्यांच्या मनात आला होता. आला, थोडा थांबलासुद्धा. मग ते उभे राहिले.

"साहेब, ठिपके यायचे. दर महिन्याला यायचे. मी ते डाग समजून गाळले. या बाईंची काही चूक नाही, चूक माझी आहे," ते म्हणाले.

साहेब चिडले, आणि चिडण्यासारखंच होतं. एका माणसाच्या टापटिपीपायी अकरा गावांचा कालवा तुटायची वेळ आली होती. हयवदनरावांना लेखी ताकीद मिळाली. पण रुद्रय्या हा मूळचा कामाचा माणूस. राग ओसरल्यावर त्यांनी सुचेताला विचारलं, ठिपक्यांचे दिवस कळले तर काही करता येईल का? ती म्हणाली, का नाही? तेवढे दिवस न वाचलेले धरायचे आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांवरून भरून काढायचे, ही तर रोजची रीत आहे. बनावट आकडा वेगळा आणि न वाचलेला वेगळा. मात्र वह्यांतला एकेक ठिपका रजिस्टरात चढवायला हवा. साहेबांनी तीन दिवस दिले.

ते तीन दिवस यल्लव्वा हयवदनरावांच्याच घरी राहिली. वसुमतीने तिला पहिल्याच संध्याकाळी अक्का म्हणायला सुरुवात केली आणि नवऱ्याने घातलेला गोंधळ तिच्याकडूनच तपशीलवार ऐकून घेतला. इतका, की हयवदनरावांना उठून बाहेर जावं लागलं. यल्लव्वाला मात्र राग असा नव्हताच. आपले कागद बंगळूरला कुणीतरी उघडतं, वाचतं, उतरवून घेतं, हेच तिला नवीन होतं. सतरा वर्षांत एकाही कागदाचं कधी उत्तर आलेलं नव्हतं. ते भलं मोठं रजिस्टर तिच्यापुढे ठेवल्यावर तिने आपले आकडे ओळखले आणि हसली. "किती देकणं लिवलासा हो अण्णा," ती म्हणाली, आणि ते ऐकून हयवदनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कचेरीत काम असं चाले. सुचेताला अलीकडची वर्षं आधी हवी होती, म्हणून शेवटच्या वहीपासून मागे जायचं. यल्लव्वा बोट ठेवून तारीख सांगे, हयवदनराव रजिस्टरात त्या आकड्याशेजारी ठिपका काढत. पहिला ठिपका काढताना त्यांचा हात अडला. मग सवय झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते १९७९ च्या जुलैपर्यंत पोचले आणि तिथे वहीतलं अक्षर बदललं. नऊ तारखेपर्यंत मालोजीचं जाड, ठसठशीत अक्षर होतं. दहा तारखेचा आकडा मात्र लहान मुलाने काढावा तसा वाकडातिकडा होता. तो कुणाचा, असं त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. मालोजीला पाच दिवस ताप होता. तापातही तो काठी टेकत जाऊन खांब वाचून येई. नऊ तारखेला रात्रभर विचारत राहिला, आठ वाजले का? पहाटे गेला. माणसं जमायला लागली, रडारड सुरू झाली. आणि तिला आठवण झाली की एकदा तिरडी उठली की आपल्याला कुणी घराबाहेर पडू देणार नाही, आणि त्याची वही आज कोरी राहील. म्हणून ती मागच्या दाराने निघाली, नदीवर गेली, खांब वाचून आली, आकडा लिहिला आणि मग येऊन त्याच्या उशाशी बसली.

एवढं सांगूनही तिच्या मनात काहीतरी अडकलेलं दिसलं. मग तिने हळूच विचारलं, "अण्णा, त्या दिशी आठला न्हाई वाचलो. साडेसाला वाचलो. तितं ठिपका काडाय पायजे हुता काय? मला कोण सांगाय न्हवतं."

हयवदनरावांनी नुसती मान हलवली. नको म्हणून. रजिस्टरात दहा जुलैचा तो आकडा होता, देखणा, ठाशीव, हयवदनरावांच्या हातचा. तो लिहिताना त्यांनी काय मनात आणलं असेल? बहुतेक एवढंच, की मादनकोपचं अक्षर अजूनच बिघडलं.

यल्लव्वा गावी गेली आणि महिनाअखेरीला समिती बसली. सुचेताने आकडे मांडले. रुद्रय्या साहेबांनी हयवदनरावांनाही बरोबर नेलं होतं, काही विचारलंच तर रजिस्टर दाखवायला. समितीचे अध्यक्ष म्हणजे नद्यांवर आयुष्य घालवलेले म्हातारे अभियंते. त्यांनी सगळं ऐकून एकच शंका काढली. ठिपके काढले हे ठीक, पण वाचायचं चुकवून ठिपका न काढलेला असा दिवसही असेल. पाऊस असतो, आजारपण असतं, घरात काही होतं. माणूस म्हटलं की असा एखादा दिवस असणारच. तो आम्ही कसा ओळखायचा?

सुचेताच्या प्रोग्रॅमजवळ याचं उत्तर नव्हतं. हयवदनरावांनी परवानगी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच ते अशा टेबलाशी तोंड उघडत होते. ते म्हणाले, चुकवायला कारण होतं असा एक दिवस मला माहीत आहे. आणि त्यांनी दहा जुलै १९७९ चं पान उघडून सगळं सांगितलं, मागच्या दारापासून साडेसहापर्यंत. अध्यक्षांनी रजिस्टर आपल्यापुढे ओढून घेतलं. मग त्यांनी वरच्या खांबाच्या नोंदीतला त्याच दिवसाचा आकडा काढायला सांगितला. तिथे पाणी त्या दिवशी जेवढं उतरलेलं होतं, त्याच मानाने ते मादनकोपलाही उतरलेलं होतं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, मादनकोप धरा.

अकरा गावं परत आली. बाहेर आल्यावर हयवदनराव व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि त्यांना रडू आवरेना. सुचेता शेजारी येऊन बसली. ते तिला म्हणाले, "पोरी, तुझे फार उपकार आहेत. तू पकडलं नसतंस तर मी आपलं अक्षर सुंदर म्हणत म्हणतच मेलो असतो." तिने त्यांना आपला रुमाल दिला आणि रिक्षा बघायला गेली.

यल्लव्वाशी ठरलं होतं, की निकालाच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिने गावातल्या एस.टी.डी. बूथवरून कचेरीत फोन करायचा. तिने बरोबर अकराला केला. हयवदनरावांनी आधी सांगितलं की तुमच्या सगळ्या नोंदी धरल्या, नोटीस रद्द झाली, कालवा शेवटपर्यंत जाणार. मग आदल्या दिवसापासून घोळवून ठेवलेलं वाक्य म्हणाले, की यल्लव्वा, मी तुमचा फार अपराधी आहे आणि तुमचे माझ्यावर फार उपकार आहेत. ती म्हणाली, अण्णा, उपकार तर तुमचे. तुम्ही खरं बोललात, नाहीतर मी आज घरी बसले असते. दोघेही एकमेकांचे आभार मानत राहिले आणि बूथचं मीटर पळत राहिलं.

मग तिने विचारलं, गावं कुठली कुठली? हयवदनरावांनी यादी पुढे घेतली आणि वाचायला लागले. कलहाळ. बसवनकोप. चिक्कबेळी. ती प्रत्येक नावाला 'हां' म्हणत होती. कलहाळला तिची नणंद दिलेली होती, म्हणून ते नाव तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं. हयवदनराव शेवटच्या नावापर्यंत आले आणि थबकले. त्यांनी यादी वरून खाली पुन्हा पाहिली. मग नकाशा ओढून घेतला. कालव्याची निळी रेघ नदीच्या त्या काठाने, सखल भागातून गेली होती. मादनकोप या काठावर, चढावर होतं.

"यल्लव्वा," ते म्हणाले, "यात तुमचं गाव नाही."

"न्हाई की. आमी उंचावर हाय न्हवं, पाणी चडंल व्हय वर?"

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"खांब रवला तवाच सांगिटल्यालं सायबानी. मालकास्नी म्हाईत हुतं, मलाबी म्हाईत हाय."

अकरा वर्षं त्याने आणि सतरा वर्षं तिने, ज्या पाण्याचा एक थेंब आपल्या बांधावर यायचा नाही ते पाणी रोज जाऊन मोजलं होतं. हयवदनरावांनी एवढंच विचारलं, की तरी मोजत राहिलात?

"मग?" ती म्हणाली. तिला तो प्रश्नच कळला नव्हता. "कुनीतरी मोजाय पायजे न्हवं अण्णा, तेंच्यासाटी." मागे बूथवाला काहीतरी ओरडला, तशी ती घाईने 'ठेवतो' म्हणाली, आणि फोन बंद झाला.